अपूचा हेल आणि मावशीची फिरकी

‘द सिम्पसन्स’ या मोठ्यांसाठीच्या अमेरिकी कार्टून मालिकेत अपू हा भारतीय दुकानदार १९९० साली आला. त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा, हेल मुद्दाम काढलेला. हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७मध्ये ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या माहितीपटातून त्यावर बोट ठेवले. ८ एप्रिल २०१८च्या भागात मालिकेने उत्तर दिले ते लिसाच्या तोंडून: एकेकाळी निरुपद्रवी वाटलेले आज खटकते, त्याला इलाज काय? मालिकेतल्या सर्वांत विवेकी मुलीला हात झटकायला लावणे, ही त्या भागाची खरी चूक.

कुणी म्हणेल, तिथे सगळ्यांचीच टिंगल होते. खरे आहे, पण गोऱ्या माणसाची इतर शेकडो रूपे त्याच पडद्यावर होती, भारतीयाचे बराच काळ ठळक असे हे एकच. आपला तमाशा तरी कुठे सोवळा, असेही विचारता येईल. शाहीर अनंत फंदींच्या आणि पुढे तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांच्या संगमनेरला हा प्रश्न टाळता येणार नाही. गवळणीतली मावशी पुरुषच रंगवतो, आणि सोंगाड्या कुणालाच सोडत नाही. मात्र ज्यांची फिरकी घ्यायची ते पुष्कळदा समोरच बसलेले असतात. विनोद झोंबला तर शिट्टीऐवजी आरडाओरडा होतो आणि हजरजबाबी सोंगाड्या तिथल्या तिथे संवाद फिरवतो. आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या कार्टूनला ही सोय नाही. अपूचा आवाज आपण यापुढे देणार नाही, हे अझारियाने सांगितले ते जानेवारी २०२०मध्ये.