निरोपांतील टक्क्याचें चिन्ह

पेढीवर छापील नमुने असतात. "अमुक यांजकडून रुपये अमुक पावले," असा मजकूर आधींच छापलेला. कारकुनानें रिकाम्या जागीं नांव व रक्कम भरावयाची, एवढेंच. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत 'सी' ही संगणकभाषा घडविली. तींतील मजकूर छापण्याची सोय थेट याच धर्तीची आहे. नमुन्यांत टक्क्याचें चिन्ह व त्यापुढें ठराविक अक्षर आलें, कीं यंत्र तेथें रिकामी जागा समजतें व क्रमानें पुढें ठेवलेला भरणा तींत घालतें.

आतां परक्याचा निरोप पडद्यावर दाखविणारा प्रोग्रॅम घ्या. सावध प्रोग्रॅमकार नमुन्यांत एक रिकामी जागा ठेवून निरोप तींत भरतो. मग निरोपांत कांहींहि असो, तें जसेंच्या तसें उमटतें. आळशी प्रोग्रॅमकार पांचसहा अक्षरें वाचवितो आणि परक्याचा निरोपच नमुना म्हणून यंत्राच्या हातीं देतो. साध्या निरोपांत फरक मुळींच दिसत नाहीं. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षें दडून राहूं शकतो. तपासणाराहि बहुधा क्षेमकुशलाचेच निरोप धाडून पाहतो!

पण निरोपांत टक्क्याचीं चिन्हें पेरलेलीं असलीं, कीं यंत्र भरणा शोधूं लागतें, आणि भरणा तर कोणीं ठेवलेलाच नसतो. कारकून अशा वेळीं मालकास विचारील. यंत्र विचारीत नाहीं. स्मृतींत शेजारीं जें पडलें असेल तेंच उचलतें. तें गुप्तहि असूं शकतें. 'एस' अक्षर आल्यास त्या उचललेल्या आंकड्यास पत्ता मानून तेथील मजकूर वाचूं जातें, आणि पत्ता खोटा निघाल्यास प्रोग्रॅम कोसळतो. सर्वांत विलक्षण 'एन'. तें कांहींच छापीत नाहीं. आतांपर्यंत किती अक्षरें छापलीं तो आंकडा स्मृतींत लिहून टाकतें. परक्याच्या हातीं अशी लेखणी गेली, कीं प्रोग्रॅमची सूत्रेंहि जाऊं शकतात.

२००० सालीं 'बिचएक्स' या गप्पांच्या प्रोग्रॅमांत हेंच आढळलें. गप्पांच्या दालनाच्या नांवांत हीं चिन्हें घालून निमंत्रण धाडलें, कीं घेणाऱ्याचा प्रोग्रॅम बंद पडे. २०२१ सालीं आयफोन तशाच नांवाच्या वायफायला जोडला असतां त्याचें वायफायच बंद पडलें. म्हणजे मधल्या एकवीस वर्षांत जुनी खोड गेली नव्हती.

अलीकडचे कंपायलर असा नमुना दिसतांच प्रोग्रॅमकारास इशारा देऊं शकतात. दुरुस्ती त्याच वाचविलेल्या पांचसहा अक्षरांची असते.