प्रतीक्षा आणि प्रवास : लांब पल्ल्याच्या मालमोटारीवरील नवोदित चालकाचे दैनंदिन जीवन

प्रस्तावना

मालमोटार चालकाकडे अभ्यासकांनी आजवर बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी अपघातांच्या आकडेवारीची, तर दुसरी एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमांची. पहिल्या दृष्टीला तो अपघाताचे कारण वाटतो, दुसरीला रोगाचा वाहक. त्याचा दिवस कसा जातो, तो कशाची वाट पाहतो आणि त्याला पैसे नेमके कशाचे मिळतात, हे प्रश्न मात्र मागे पडले. प्रस्तुत लेखात भिवंडी ते दिल्ली या नाशिक, धुळे, इंदूर, आग्रा असे टप्पे घेत जाणाऱ्या सुमारे १,४०० किलोमीटरच्या मार्गाचे उदाहरण घेऊन नव्याने चालक झालेल्या माणसाच्या दिनक्रमाचा विचार केला आहे. जुन्या चालकाच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी नवोदिताला प्रत्येक फेरीत शिकाव्या लागतात. त्यामुळे या व्यवसायाची घडण त्याच्या दिवसात अधिक स्पष्टपणे दिसते.

क्लीनर ते चालक

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये परिवहन वाहन चालवणाऱ्याचे वय किमान २० वर्षे असावे लागते. हलक्या वाहनाचा परवाना एक वर्षभर हाती असल्याशिवाय परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. किमान आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. तीमुळे काही बिघडले असे म्हणता येत नाही. भरलेली गाडी घाटातून कशी उतरवावी, हे आठवीच्या पाठ्यपुस्तकात नव्हतेच आणि परवान्याच्या चाचणीतही ते तपासले जात नाही.

हे ज्ञान देणारी खरी शाळा म्हणजे क्लीनरची उमेदवारी होय. गावाकडचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ओळखीच्या चालकाबरोबर गाडीवर जात असे. टायर ठोकून हवा ओळखणे, ताडपत्री पाणी न साचेल अशी ताणणे, दोर आवळणे, गाडी मागे घेताना हाक देणे, चुलीवर भाजी शिजवणे ही त्याची कामे. मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीवर ‘उस्ताद’ त्याच्या हाती चाक देई. चार-पाच वर्षांत मुलगा चालक होई. या पद्धतीत शोषण होते, अल्पवयीनांची मजुरी होती, मारहाणही होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि, शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका पाहण्याची सोय तिच्यात होती आणि तिची जागा अन्य कोणत्याही व्यवस्थेने भरून काढलेली नाही.

खर्च वाचवण्यासाठी मालकांनी आधी क्लीनर कमी केला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये होती. २०१८ मध्ये ती वगळण्यात आली. आज अनेक गाड्यांवर नवोदित चालक पहिल्याच लांब फेरीला एकटा असतो.

भरणी, काटा आणि वाट पाहणे

चालकाचा दिवस म्हणजे गाडी चालवणे, ही बाहेरच्यांची समजूत होय. भिवंडीच्या गोदामाबाहेर गाडी लावली की पहिले काम थांबण्याचे असते. हुंडेकऱ्याने सकाळी नऊला बोलावलेले असते, पण गोदामाचे दार मोकळे होते दुपारी. माल पूर्ण आलेला नसतो, हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर असते, बिल्टी तयार नसते. भरणी झाल्यावर काट्यावर वजन होते. वजन जास्त भरले तर उतरवायचे की तसेच न्यायचे, हा निर्णय चालकाचा नसतो, मात्र रस्त्यात अडवले जाते ते त्याला. हमालीशिवाय ‘वाराई’ या नावाने जी रक्कम गाडीवाल्याकडून घेतली जाते, तीही पुष्कळदा त्याच्याजवळच्या खर्चीतूनच जाते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी याच अनुभवातून आलेली आहे.

या थांबण्याला मोबदला काय? बहुसंख्य चालकांना पैसे फेरीमागे मिळतात. फेरी तीन दिवसांत झाली काय किंवा सहा दिवसांत झाली काय, रक्कम बहुधा तीच राहते. कायद्याकडे पाहिले तरी फारसा दिलासा मिळत नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी ती अनुक्रमे १० व ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. परंतु कामाच्या तासांची व्याख्या करताना त्या कायद्याने प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ आणि पूरक कामाचा वेळ यांच्याबरोबर गाडीच्या तळावरची नुसती हजेरी पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तेवढीच धरली. वेळापत्रकाने धावणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या बाबतीत ही व्याख्या एक वेळ समजण्यासारखी आहे. गोदामाच्या दारात सहा तास गाडीजवळ बसून राहणाऱ्याला ती जवळजवळ अदृश्य करते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ने त्या कायद्याची जागा घेतली. पंधरा मिनिटांची कल्पना संहितेतही कायम आहे. शिवाय जुना कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होत असे, संहितेने ती संख्या दहावर नेली. एक-दोन गाड्यांच्या मालकांनीच मोठ्या प्रमाणात चालवलेल्या या व्यवसायात तासांची मर्यादा पूर्वीही बहुतेकांपर्यंत पोहोचत नव्हती. आता ती आणखी दूर गेली.

रस्ता आणि रात्र

हिशेब साधा आहे. थांबे, चढ आणि गर्दी धरून भरलेली गाडी ताशी सरासरी ४० किलोमीटर पडली, तर १,४०० किलोमीटरला ३५ तास लागतात. दिवसाला ८ तास चालवल्यास साडेचार दिवस होतात. ई-वे बिलाच्या नियमाने १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस दिलेला आहे, म्हणजे या अंतराला सात दिवस. कागदाला घाई नाही. घाई आहे ती व्यापाऱ्याला. माल तिसऱ्या दिवशी पोहोचावा, अशी त्याची अपेक्षा असते आणि भिवंडीत गेलेला अर्धा दिवस त्यातून कुणी वजा करत नाही. तो वजा होतो चालकाच्या झोपेतून. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवत असल्याचे आढळले, ते या हिशेबाशी जुळते.

रस्त्यावरचे काही अडथळे कमी झाले हे मान्य केले पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचे सीमा नाके गेले. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाल्यावर टोल नाक्यावरच्या रांगा घटल्या. मध्य प्रदेशाने आपले परिवहन तपासणी नाके १ जुलै २०२४ पासून बंद केले. परंतु वाचलेला वेळ विश्रांतीत गेला नाही, तो पोहोचण्याच्या अपेक्षेत जमा झाला.

नवोदिताला पहिली रात्र सर्वांत जड जाते. पहाटे दोन ते पाच या वेळेत झोप आवरत नाही. गाडी कडेला घ्यावी तर ताडपत्री फाडून माल आणि टाकीतून डिझेल जाण्याची भीती असते. म्हणून तो उजेड आणि इतर गाड्या असलेला ढाबा शोधतो. जेवणाऱ्याला ढाब्यावर खाट मिळते, आंघोळीला पाणीही मिळते. एकटा चालक मात्र खाटेवर न झोपता केबिनमध्येच आडवा होतो. २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या जड मालवाहनांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. नवोदिताच्या वाट्याला येणारी गाडी सहसा जुनी असते, त्यामुळे मे महिन्यातील माळव्याची दुपार त्याला इंजिनाच्या उष्णतेसहच काढावी लागते.

परतीचे भाडे

दिल्लीत दिवसाच्या ठरावीक वेळांत जड वाहनांना प्रवेशबंदी असते. पोहोचलेली गाडी पुन्हा शहराच्या वेशीवर थांबते. माल उतरल्यावर परतीच्या भाड्याचा शोध सुरू होतो. संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरसारख्या ठिकाणी दोन-तीन दिवस काढावे लागणे ही नवलाची गोष्ट नाही. या दिवसांत जेवणाचा खर्च चालकाच्या खर्चीतून होतो. जुन्या चालकाच्या ओळखी असतात, नवोदिताच्या नसतात. त्याला भाडे उशिरा मिळते आणि बहुधा कमी पसंतीचे, म्हणजे अवघड वजनाचे किंवा आडवाटेचे मिळते. गावाकडे फोनवर तो दिल्लीत ‘आराम’ करत असल्याचे सांगतो.

उतार आणि डिझेल

या मार्गाची भौगोलिक रचना येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईकडून जाताना कसारा आणि बिजासन या दोन्ही घाटांत मुख्यतः चढ लागतो; तोच परतताना उतार होतो. अर्थात, सर्वांत धोक्याचा रस्ता चालकाच्या वाट्याला फेरीच्या शेवटी, सर्वाधिक थकलेल्या अवस्थेत येतो.

त्यात डिझेलचा हिशेब मिसळतो. अनेक मालक गाडीचे ‘ॲव्हरेज’ ठरवून फेरीचे डिझेल बांधून देतात. त्यातले जे वाचेल ते चालकाचे, जास्त लागले तर त्याच्या पैशांतून वजा. लिटरला ४ किलोमीटर धरल्यास १,४०० किलोमीटरला ३५० लिटर लागते. सरासरी ४.२५ पडली तर सुमारे २० लिटर वाचते. लिटरमागे ९० रुपये धरले तरी ही रक्कम १,८०० रुपये होते आणि ती दिल्लीतल्या थांबण्याचा खर्च भरून काढते. वाचवण्याची सोपी जागा म्हणजे उतार. गाडी न्यूट्रल करायची, किंवा इंजिनच बंद करायचे.

याचा परिणाम यांत्रिक आहे. चढाला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, हा उस्तादाने शिकवण्याचा पहिला धडा. त्यामुळे इंजिनच गाडीला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये सर्व भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तापलेल्या लायनरची पकड सुटते. इंजिन बंद असेल तर हवेच्या ब्रेकसाठी टाकीत हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो. दर वेळी पायडल दाबताना साठलेली हवा खर्च होते आणि स्टिअरिंग जड होते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने इंजिन बंद केल्याची बाब प्राथमिक तपासात पुढे आली. पळासनेर येथे ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून आलेली गाडी हॉटेलात शिरून किमान १० जण दगावले. त्या वेळी ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. ‘ब्रेक फेल’ हा शब्द बातमीला पुरतो. ब्रेक कशामुळे निकामी झाले, हा प्रश्न मात्र तो झाकून टाकतो.

शिक्षा वाढवण्याचा मार्ग शासनाने अवलंबून पाहिला. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर माहिती न देता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी त्याविरुद्ध देशभर संप केला आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळून लागू झाली. संपाची चर्चा शिक्षेपुरती राहिली. बांधून दिलेले डिझेल, फेरीमागचे पैसे आणि न मोजलेली प्रतीक्षा यांपैकी कशालाही तिने स्पर्श केला नाही. साध्या जीपीएसमुळे गाडी कोठे आहे हे मालकाला घरबसल्या कळते, परंतु ती कोणत्या गिअरमध्ये कसारा उतरते आहे हे कळत नाही. पूर्वी ते शेजारच्या जागेवर बसलेल्या माणसाला कळत असे.