फंदी आणि 'तडीपार'

संगमनेरच्या एका शाहिराला नाव मिळालं ते फकिरावरून, आणि पुण्याच्या एका पोराने स्वतःला नाव लावलं ते परदेशातल्या गाण्यावरून. अनंत भवानीबावा घोलप 1744 साली संगमनेरात जन्मले. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांची इतकी गट्टी जमली, की लोक त्यांनाही फंदीच म्हणू लागले. घोलप हे आडनाव मागे पडलं आणि अनंत फंदी उरले. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरचा अल्ताफ शेख जन्मला 1999 साली. अमेरिकन रॅपर एमिनेमचं 'स्टॅन' हे गाणं 2000 सालचं. त्यातला स्टॅन गायकापायी वेडा झालेला चाहता. अल्ताफने त्या चाहत्याचंच नाव घेतलं आणि तो रॅपर एमसी स्टॅन झाला. दोघांमध्ये अडीचशे वर्षं आहेत आणि पुणे-नाशिक रस्त्यावरचे साधारण 140 किलोमीटर.

2020 साली स्टॅनचा 'तडीपार' हा अल्बम आला. तड म्हणजे काठ, आणि तडीपार म्हणजे काठापलीकडे हाकललेला. 1951च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. वस्तीत या शब्दाचा दरारा असतो, धाकही असतो. जो शब्द नोटिशीवर छापून येतो, तो या पोराने कपाळावर टिळ्यासारखा लावला.

अल्बमच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी 2019 मध्ये, 'गली बॉय' हा चित्रपट पडद्यावर आला होता. डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांनी 2015 सालच्या 'मेरे गली में'पासून उभी केलेली वाट त्याने घरोघरी पोचवली. झोपडपट्टीतला मुलगा, त्याची जिद्द, शेवटी टाळ्या, हा साचा मध्यमवर्गालाही पचला. 'तडीपार' त्या साच्यात बसत नव्हता. संथ, जड ठोका. ऑटोट्यूनने ओढून ताणलेला, रडवेला वाटावा असा आवाज. हातभर बढाई आणि तिच्या खाली लपवलेला एकटेपणा. आपल्या गाण्यांचं संगीतही बहुतांश तो स्वतःच करत आला आहे.

भाषा पुण्याच्या वस्तीतली: हिंदी म्हणावी तर दखनी, आणि आतून मराठी. जाणकारांनी नाकं मुरडली. हे रॅप नव्हे, पुटपुटणं आहे, असं म्हटलं गेलं. शिव्या खटकल्या आणि बायकांविषयीचे उल्लेखही खटकले; त्यातला दुसरा आक्षेप आजही खोडून काढता येत नाही. पण रस्त्यावरच्या पोरांसाठी पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या तोंडचं, न धुतलेलं बोलत होतं. 'शेमडी', 'हक से' हे शब्द नाक्यावरून मोबाइलवर गेले आणि मोबाइलवरून पुन्हा नाक्यावर आले.

रॅपर एमिवे बंटायशी स्टॅनची जुंपली तेव्हा काहींना ते अमेरिकेचं अनुकरण वाटलं. पण डफावर प्रश्न टाकून समोरच्याला निरुत्तर करणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. शाहिरांतले कलगीवाले शक्तीला थोर म्हणत, तुरेवाले शिवाला, आणि रात्र रात्र सवाल-जवाब चालत. हिपहॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 11 ऑगस्ट 1973च्या मेजवानीत झाला असं मानतात. इथल्या श्रोत्याचा कान मात्र त्याच्या कितीतरी आधी तयार होता.

कंपनीवाचून कला चालवण्याचं गणितही पुणे-नाशिक रस्त्याला ठाऊक आहे. नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावच्या यात्रांतल्या तमाशांच्या सुपाऱ्या ठरतात. फडमालक स्वतःच्या खिशातून पैसा घालतो, हंगाम बुडाला तर तोच बुडतो. तमाशाची सम्राज्ञी म्हणून गाजलेल्या कांताबाई सातारकर संगमनेरातच स्थिरावल्या आणि 2021 साली तिथेच गेल्या. त्यांच्या फडाला जगवलं ते तिकीट काढून आलेल्या माणसाने. स्टॅनला मोठं केलं तेही अशाच माणसाने. फक्त त्याचं तिकीट म्हणजे मोबाइलचा डेटा.

मग प्रतिष्ठेचा शिक्का आला. 12 फेब्रुवारी 2023 रोजी स्टॅन हिंदी 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला. अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. स्टॅनला 31 लाख 80 हजार रुपये आणि गाडी मिळाली. ज्यांनी 'तडीपार' कधी ऐकला नव्हता, त्यांना आता स्टॅन माहीत झाला. पण त्यांना कळला तो 'बिग बॉस'च्या घरातला अबोल, मधूनच भडकणारा मुलगा, त्याचे दागिने आणि दोन-तीन पालुपदं. अल्बम बाजूलाच राहिला.

असं फंदींचंही झालं होतं. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, असं परंपरा सांगते. दुसऱ्या बाजीरावासाठी त्यांनी ओवीबद्ध 'माधवग्रंथ' रचला. 1795च्या खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा केला. ते खर्डा संगमनेरच्याच जिल्ह्यातलं. 1819 साली ते वारले. पण पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला तो त्यांचा फटका, सन्मार्गाने चालायला सांगणारा. ज्या लावण्यांनी त्यांना गाजवलं, त्या थोड्याच हाती राहिल्या.

प्रतिष्ठा कलावंताला जवळ करते तेव्हा त्याच्यातलं तिला सोयीचं तेवढंच घेते. फंदींचा उपदेश घेतला, फंद सोडला. स्टॅनची करंडकासकटची छबी घेतली, काठापलीकडून आलेला आवाज तिथेच ठेवला. आज संगमनेरात अनंत फंदींच्या नावाने व्याख्यानमाला भरते. श्रोते खुर्च्यांवर शांत बसतात. फडात तसं कोणी बसत नसे.