विमान हवेत ‘हँग’ होतं तेव्हा: कधी येणारा, कधी न येणारा फॉल्ट कसा पकडायचा

या भागाचा ऑडिओ रेकॉर्ड करताना मागे दिवा-रोहा गाडीचा हॉर्न वाजलाय, सांभाळून घ्या. आमच्या जित्यात घर आणि स्टेशन यांत फार अंतर नसतं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

आधी कबुली देतो. भात कापणी झाल्यावर आमच्याकडे रिकामी शेतं हीच धावपट्टी. माझं विमान कोरोशीटचं, घरीच कापलेलं: १००० केव्हीची २२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, तीन सेलची २२०० एमएएचची लिपो, ९ ग्रॅमचे चार सर्व्हो. भाचा अकरावीत आहे, त्याच्या हातात ट्रान्समीटर होता. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्याने जोरात वळण घेतलं आणि विमान सेकंदभर मेलं. मोटर बंद, पंख ढिम्म. परत जीव आला तोवर ते बांधावर आपटलं होतं, आणि पलीकडे दहा पावलांवर एक काकू गवत कापत होत्या.

मी भाच्याला काय म्हटलं असेल? “स्टिक सोडलीस ना?” तो म्हणाला, “मामा, मी काहीच केलं नव्हतं.” मी ऐकलं नाही. घरी आणून जोडलं, सगळं चालू. मग तर माझी खात्रीच पटली. नंतरचे दोन रविवार तो आला नाही.

ऑफिसात कोणी टेस्टर “कधीकधी क्रॅश होतं” म्हणाला आणि मी “माझ्या मशिनवर चालतंय” म्हटलं, तर लोक हसतील. इथे मी तेच केलं.

आता फॉल्टकडे वळू. पहिला प्रश्न: काय काय एकदम बंद पडलं? एकच सर्व्हो थरथरत असेल तर दोष त्या सर्व्होत, त्याच्या वायरमध्ये किंवा प्लगमध्ये. सगळंच एकदम गेलं, तर दोष जिथून सगळ्यांना वाटा जातो तिथे: रेडिओ सिग्नल किंवा वीज. सिग्नल गेला तर फेलसेफ लागतो, पण सर्व्होंना वीज असते, म्हणून ते बोटाने ढकलले तर विरोध करतात. वीज गेली तर लुळे पडतात. रेंज टेस्ट केली, ठीक निघाली. संशय विजेवर आला.

मल्टिमीटर लावला: ५.० व्होल्ट. कंटिन्युइटीचा बीपही आला. इथेच बहुतेक जण फसतात. मीटर अगदी नखाएवढा करंट सोडतो, त्यामुळे खराब जोडही त्याला चांगला वाटतो. समजा प्लगमध्ये ०.८ ओहमचा अडथळा आहे. करंट नगण्य असेल तर व्होल्टेज पडतच नाही. पण चारही सर्व्हो एकदम जोर लावून २ अँपिअर खेचतात तेव्हा २ गुणिले ०.८, म्हणजे १.६ व्होल्ट वाटेतच गळतात. रिसिव्हरला उरले ३.४. माझा रिसिव्हर साडेतीनच्या खाली रिस्टार्ट होतो.

शिवाय साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. चाळीस मिलिसेकंदांची डुबकी त्याला दिसतच नाही. म्हणून लॉग हवा. अर्डुइनो नॅनो घेतला, रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनलवरून व्होल्टेज १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी निम्मं करून त्याला दिलं आणि दर सेकंदाची किमान नोंद छापली. नॅनोला वीज लॅपटॉपमधून, फक्त ग्राउंड सामाईक. विमानाच्याच विजेवर चालवलात तर तोही सोबत गोंधळतो.

मग प्रोपेलर काढला. हे विसरायचं नाही, बोटं परत मिळत नाहीत. विमान बांधलं, मोटर फुल, दोन्ही स्टिक गरागरा फिरवल्या आणि एकेक वायर हलवत गेलो. ईएससीची तीन वायरींची पिन रिसिव्हरपाशी हलवली, आणि लॉगमध्ये ३.२!

प्लग उघडला. काळ्या वायरच्या क्रिंपवर हिरवट थर, पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की चढतो तसा. चार महिने पावसाळाभर विमान माळ्यावर होतं. पेणच्या मिठागरांकडून येणारी हवा आणि इथला पाऊस, तांबं किती टिकणार?

क्रिंप नवा लावला, तेवढंच बदललं आणि परत लॉग घेतला. किमान ४.६. बरं, पण मन भरेना. ईएससीतला बीईसी लिनियर प्रकारचा होता: ११.१ मधून ५ करताना उरलेले ६.१ व्होल्ट तो उष्णतेत जाळतो. २ अँपिअरला ते १२ वॉट झाले, छोट्याशा चिपवर. “तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला”चं गणित मला इथेही दिसतं. म्हणून वेगळा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी बसवला. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावा, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांना भिडतात. आता किमान ४.९.

काही जण रिसिव्हरला मोठा कपॅसिटर लावतात. डुबकी उथळ होते, पण सडका क्रिंप तसाच राहतो. मला तो उपाय आधी करण्यासारखा वाटत नाही.

लॉगचा स्क्रीनशॉट भाच्याला पाठवला, खाली “चूक माझी” लिहिलं. त्याचं उत्तर आलं, “मग रविवारी मी उडवणार.” उडवलं त्याने, सहा मिनिटं, आणि यावेळी बांधापासून लांब, काकूंना आधी विचारून.

विमान आता पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहणार. पुढच्या भागात फेलसेफ सेट करू: सिग्नल गेल्यावर मोटर बंदच झाली पाहिजे, हे कसं तपासायचं ते. तुमच्याकडे विमान असेल तर तोवर ईएससीचा तो प्लग एकदा उघडून बघा.