सायकलींवरून ‘भारत जोडो’

सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. सायकलीने एवढी वाट एकदा तोडली, तरी पाय भरून येतात. मग याच्या वीसपट वाट तुडविणाऱ्यांचे काय झाले असेल?

१९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ अभियान आरंभिले. त्या काळी पंजाब अशांत होता. माणसामाणसांत संशय वाढत होता. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर बसून काश्मीरकडे निघाल्या.

सायकलच का? मोटार धुरळा उडवीत गावावरून निघून जाते. सायकलस्वाराला पाण्यासाठी, पंक्चर काढण्यासाठी थांबावेच लागते. आणि तो थांबला, की चार माणसे भोवती जमतात, विचारपूस करतात. बोलणे तेथूनच सुरू होते. प्रांत ओलांडला, की भाषा बदले, जेवण बदले. चढावरची दमछाक मात्र सर्वत्र सारखीच!

बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. म्हणून सायकलींच्या सोबतीने ते वाहनात आडवे पडूनच प्रवास करीत. पुढे १९८८ मध्ये त्यांची दुसरी यात्रा इटानगरहून गुजरातेतील ओखा बंदराकडे निघाली.