संताप आमचा, निर्णय कुणाचा?

३० नोव्हेंबर २००६. कानपूरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याची बातमी ठाणे जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत पोहोचली होती. त्याआधी दोनच महिने, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली होती. ओल्या जखमेवर मीठ चोळले गेले आणि उल्हासनगरजवळ संतप्त जमावाने डेक्कन क्वीनचे डबे पेटवून दिले.

त्या दिवसाबद्दल आमच्यात कुणी छाती फुगवून बोलतो, कुणी मान खाली घालून. आम्हांला दोन्ही मान्य नाही. जमावाने आधी प्रवाशांना खाली उतरवले आणि मगच गाडी पेटवली, हे विसरता येत नाही. म्हणजे त्या रागातही विचार पुरता मेला नव्हता. पण तो अर्ध्या वाटेवर थांबला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जळते डबे झळकले आणि खैरलांजीचे चार जीव मागे पडले. न्याय मागणारे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये हायकोर्टाने फाशीच्या शिक्षाही बदलून २५ वर्षांची कैद केली. आमचे बळ त्या कोर्टाच्या दारात हवे होते. ते रेल्वेच्या रुळांवर खर्च झाले.

अशा वेळी शहाणे लोक सांगतात, भावना बाजूला ठेवा, डोके वापरा. हे अर्धसत्य आहे. मेंदूशास्त्रज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी १९९४ सालच्या आपल्या ग्रंथात एका रुग्णाची हकिगत दिली आहे. मेंदूतली गाठ काढल्यावर त्याच्या कपाळामागच्या भागाची हानी झाली. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, पण भावना विझल्या. परिणाम काय? त्याला साधे साधे निर्णयही घेता येईनात. नोकरी गेली, संसार मोडला. महत्त्वाचे काय, हे माणसाला भावनाच सांगते. खैरलांजी ऐकून ज्याला संताप येत नाही त्याला आम्ही शहाणा म्हणणार नाही. मात्र संताप एवढेच सांगतो की काहीतरी भयंकर घडले आहे. कुणाविरुद्ध, केव्हा आणि कोणत्या मार्गाने लढायचे, हे तो सांगत नाही. ते आपणच ठरवायचे असते.

कालामसुत्तातला ऐकीव गोष्टींवर विसंबू नका हा भाग आपण विहारात नेहमी सांगतो. पुढचा भाग राहून जातो. माणसाच्या मनात लोभ, द्वेष, मोह उपजले तर ते त्याच्या हिताचे की अहिताचे, असा प्रश्न तथागतांनी कालामांना केला होता. म्हणजे बातमी तपासायची, आणि ती ऐकणारे आपले मनही तपासायचे.

बाबासाहेबांनी हे महाडला करून दाखवले. २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि सवर्णांच्या जमावाने परिषदेच्या लोकांवर हल्ला केला. प्रतिकारासाठी आपले लोक केवळ बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी शब्द दिला तो संयमाचा. हल्लेखोरांवर खटले झाले, काहींना शिक्षाही झाली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम होता. लोक सत्याग्रहाला उतावीळ झाले होते, तरी बाबासाहेबांनी तो तहकूब केला. मग राग गिळून टाकला काय? मुळीच नाही! २५ डिसेंबरला ठराव करून, खड्डा खणून मनुस्मृती जाळली. आग तिथेही होती. पण काय जाळायचे आणि का, हे विचार करून ठरले होते. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो.

भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये ठाण्यात लोकल अडवल्या गेल्या. राज्यभर शेकडो तरुणांवर गुन्हे दाखल झाले. अशा गुन्ह्याची किंमत कोण मोजते ते आम्ही कल्याण पूर्वेतल्या एका विहारात पाहिले आहे. मुलगा पदवीधर, नोकरी जवळजवळ हातात आलेली, पण चारित्र्य पडताळणीचा दाखला अडलेला. चार घरची धुणीभांडी करून त्याला शिकवणारी आई प्रत्येक तारखेला खाडा करून कोर्टात जाते. त्या दिवशी भाषण ठोकणारा पुढारी तिथे फिरकत नाही.

आता तर विटंबनेची बातमी मोबाईलवर येते, खरी की खोटी कळायच्या आत पोरे रस्त्यावर येतात. म्हणून प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. बातमी आली की आधी विहारात जमा. ती खरी आहे का, आपल्या कृतीने नुकसान कुणाचे होईल आणि फायदा कुणाचा, हे सर्वांसमक्ष विचारा. वकिलाला त्याच बैठकीत बोलवा. फिर्याद नोंदवून घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून हलू नका. मोर्चा काढायचा तर या सगळ्यानंतर, हजारोंच्या संख्येने काढा.

जयभीम!