वाटणी झालेले कुरण : केनियातील मासाई पशुपालकांचा अनुभव

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या नैर्ऋत्येस, टांझानियाच्या सरहद्दीला लागून, मासाई मारा हे वन्यपशूंसाठी राखलेले सुमारे १,५०० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र आहे. तेथील सिंह व हत्ती पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु वन्यपशूंना नकाशावरील हद्द कळत नाही. केनियातील सुमारे दोन-तृतीयांश वन्यपशू राखीव क्षेत्रांच्या बाहेर, बहुतांशी पशुपालकांच्या जमिनींवर चरतात असा अंदाज आहे. त्यामुळे हद्दीबाहेरची जमीन कोणाच्या नावावर आहे, या प्रश्नाला तेथे फार महत्त्व आले आहे.

माराभोवती मासाई लोक गाई, शेळ्या व मेंढ्या पाळतात. पाऊस लहरी, एका माळावर पडेल तर शेजारचा कोरडा राहील. अशा मुलखात कळप फिरता ठेवण्यातच शहाणपण असते. त्यास आणखीही एक कारण आहे. वाइल्डबीस्ट नावाच्या कुरंगवर्गीय पशूंची पिल्ले जन्मानंतर तीन-चार महिने एका विषाणूचा प्रसार करतात. पिल्लांना त्यापासून अपाय होत नाही, परंतु गाईला त्याची बाधा झाली तर ती बहुधा दगावते. म्हणून त्यांच्या विण्याच्या हंगामात मासाई आपली गुरे त्या मैदानांपासून दूर नेतात. जमीन मोकळी असेल तोवरच हे शक्य होते.

१९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला आणि १९६८ मध्ये सामूहिक मालकीचा कायदा झाला. त्यानुसार पशुपालकांच्या समूहाच्या नावे मोठमोठी कुरणे नोंदविण्यात आली व कारभार निवडलेल्या प्रतिनिधींकडे आला. त्यांस ‘ग्रुप रँच’ म्हणत. गुरे मात्र ज्याची त्याची राहिली. जनावरांची संख्या मर्यादित ठेवावी ही शासनाची अपेक्षा फारशी सफल झाली नाही. काही ठिकाणी कारभाऱ्यांनी हिशेब दिले नाहीत, जमीन परस्पर बाहेरच्यांच्या घशात जाईल अशी धास्तीही निर्माण झाली. शिवाय स्वतःच्या नावावर जमीन असल्यास तिच्या तारणावर कर्ज मिळते. तेव्हा १९८० नंतर ठिकठिकाणी वाटणीची मागणी जोर धरू लागली. याबद्दल पशुपालकांना अदूरदर्शी म्हणणे न्यायाचे होणार नाही. सामाईक जमिनीवर आपला हक्क शाबूत राहील असा भरवसा उरला नाही, म्हणून प्रत्येकाने आपला तुकडा मागितला.

त्याचे परिणाम मात्र दोघांनाही भोवले. माराच्या उत्तरेकडील लोइटा मैदानांत वाइल्डबीस्ट वितात. तेथील सुपीक पट्टे गव्हाच्या यांत्रिक शेतीसाठी भाड्याने गेले. या भागातील वाइल्डबीस्ट १९७७ मध्ये सुमारे १,२०,००० होते, ते १९९७ पर्यंत सुमारे २२,००० वर आले. पुढे वाटून घेतलेल्या तुकड्यांभोवती तारेची कुंपणे उभी राहू लागली. कुंपणाने आपला चारा राखला जातो हे खरे. पण शेजाऱ्यानेही कुंपण घातले की अवर्षणात गुरे न्यावीत कोठे? केनियाच्या कुरणप्रदेशांत १९७७ ते २०१६ या काळात वन्यपशू सरासरी ६८ टक्क्यांनी घटले आणि शेळ्या-मेंढ्या सुमारे ७६ टक्क्यांनी वाढल्या.

वाटलेली जमीन पुन्हा मोकळी करण्याचा एक उपाय २००५ पासून माराभोवती सुरू झाला. शेजारशेजारच्या खातेदारांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन संस्थांना दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिले. अशा क्षेत्रांस ‘कन्झर्वन्सी’ म्हणतात. मालकी खातेदाराचीच राहते. त्याने तेथे वस्ती, कुंपण वा नांगरट करावयाची नाही. भाडे एकरी ठरलेले असते व प्रवासी कमी आले तरी ते द्यावयाचे असते. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने या व्यवस्थेस मान्यता दिली.

चराईबाबत सुरुवातीस मोठी तक्रार होती. स्वतःच्याच जमिनीत गुरे नेली म्हणून दंड भरणे कोणास रुचेल? पुढे अनेक ठिकाणी कुरणाचे भाग पाडून पाळीपाळीने गुरे सोडण्याची पद्धत आली. एका भागातील गवत चरून झाले की त्यास विसावा मिळतो आणि आखूड, कोवळ्या फुटव्यावर हरणेही येतात. ग्रामसेवकांनी या पद्धतीकडे विशेष लक्ष द्यावे. भाड्याच्या रकमेपेक्षा चराईचे वेळापत्रक कसे पाळले जाते, यावरच पशुपालकाचे समाधान अधिक अवलंबून असते.

भाडे मिळते ते नाव नोंदलेल्यास. वाटणीच्या वेळी नावे लागली ती बहुतेक कुटुंबप्रमुख पुरुषांची. स्त्रिया गाई दोहतात, वासरे सांभाळतात, परंतु दाखल्यावर त्यांचे नाव क्वचितच असते. विधवांची तर फार ओढाताण झाली. ज्यांस तुकडा मिळालाच नाही त्यांचे कुरण गेले आणि भाडेही नाही. त्यांचे कळप मग कन्झर्वन्सीच्या बाहेर उरलेल्या जमिनीवर दाटी करतात. २०२० मध्ये साथीमुळे प्रवासी येणे थांबले, तेव्हा केवळ भाड्यावर विसंबलेल्या घरांचीही परीक्षा झाली. ज्यांच्या गोठ्यात गुरे होती त्यांस निदान दूध होते.

१९६८ चा कायदा रद्द होऊन २०१६ मध्ये सामुदायिक जमिनीचा नवा कायदा आला. त्यात समूहाचे सभासदत्व स्त्रियांनाही आहे. माराभोवतीची बहुतेक जमीन मात्र तोवर वाटली गेली होती.